तळमजल्याचा आवाज

प्रेमात पडायला लिफ्ट ही काही फार सोयीची जागा नाही. बसायला काही नसतं, आरशात आपलंच तोंड दिसत राहतं, आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच अडकली असेल तर माणसाचं सगळं लक्ष दाराकडे असतं. पण ज्याचं त्याचं नशीब.

ही लिफ्ट अडकली तेव्हा दुपार कलत आली होती. रेडिओ स्टेशन सगळ्यात वरच्या मजल्यावर. कार्यक्रम आटोपून, नव्या रेकॉर्डची पिशवी छातीशी धरून तिथली एक निवेदिका खाली निघाली होती. लिफ्टनं एक आचका दिला, दिवा मिचमिचला आणि सगळं गप्प झालं. बऱ्याच वेळानं डोक्यावर कुठंतरी खडखड ऐकू आली.

"आत कोण आहे? घाबरलात का? घाबरू नका, पडत नाही ती, पडायची असती तर मागच्याच वेळी पडली असती, दोन मिनिटं द्या फक्त, पाच म्हणा—"

पातळ, घाईघाईचा आवाज. एका दमात पाच वाक्यं.

"याला धीर देणं म्हणतात का?" तिनं वर बघून विचारलं.

खडखड थांबली. मग तोच आवाज, पण जपून आला, "तुम्ही... 'अनोळखी'वाल्या ना?"

'अनोळखी' हा तिचा कार्यक्रम. ज्यांना कोणी विचारत नाही अशा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. कुणी झोपायच्या खोलीत गाणं रेकॉर्ड केलेलं असे, कुणी मित्राच्या गोदामात. पदरमोड करून काढलेल्या त्या रेकॉर्ड स्टेशनच्या दारातल्या पेटीत येऊन पडत आणि ती एकूण एक ऐके. गाणं फरशीच्या खोलीत गायलंय की पडद्यांच्या, हे ती नुसतं ऐकून सांगायची. स्टेशनात तिला सगळे 'कानसेन' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण तिला नावाचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नसे.

"तुम्ही ऐकता?" कानसेननं विचारलं. आवाजावरून ओळखलं जाणं कुणाला आवडत नाही?

"रोज. म्हणजे हात रिकामे असतात तेव्हा. त्या... त्या 'तळमजला'चं गाणं तुम्ही तीनदा लावलंत."

"चौथ्यांदाही लावणार आहे."

'तळमजला' असा रबरी शिक्का मारलेली ती एक मोठी काळी तबकडी होती. पाकिटावर ना फोटो, ना पत्ता. गाणं एकच. मुलगी वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि खालून एक जण ओरडून सांगतोय, थांब जरा, आलोच वर. एवढंच. पण तो आवाज! जाड, खोल, एकेक शब्द जड पावलानं टाकणारा. मागं कुठंतरी मोठ्या घंटेचा टोल, आणि साथीला आणखी एका पुरुषाचा घोगरा सूर.

"मला झोपाळू वाटलं ते," बाहेरचा म्हणाला.

"झोपाळू?" लिफ्टमध्ये पाय आपटू नये हे माहीत असूनही तिनं पाय आपटला. "अहो, तो 'आलोच' म्हणतो ना, तेव्हा त्याला ठाऊक असतं की आपण पोचणार नाही. तरी म्हणतो. असं कोण म्हणतं हल्ली?"

"पोचतो की. शेवटच्या कडव्यात पोचतो."

"शब्दांत पोचतो. आवाजात नाही."

बाहेर स्क्रू फिरवल्याचा आवाज आला, मग थांबला.

"आणि समजा... तो माणूस भेटला तुम्हाला, तर?"

समोर माणूस नसला की जीभ सैल सुटते. रेडिओवर बोलणाऱ्यांची तर सवयच ती. "तर सांगीन त्याला," कानसेन म्हणाली, "की मी तुमच्या आवाजावर भाळले आहे. बास. पुढचं त्यानं बघावं."

आता तिला जे ठाऊक नव्हतं ते आपण सांगून मोकळं होऊ. दाराबाहेर पाना हातात धरून उभा असलेला लिफ्टवाला म्हणजेच 'तळमजला'. आणि जो आवाज तिच्या काळजात घर करून बसला होता तो त्याचा नव्हता. मोठ्या तबकड्या एरवी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या सावकाश वेगानं वाजतात, छोट्या पंचेचाळीसच्या. यानं मात्र तबकडी काढली मोठी आणि गाणं भरलं पंचेचाळीसवर, कारण तसं जास्त स्वच्छ वाजतं असं तबकड्या बनवणाऱ्यानं सांगितलं. शिक्का मारताना वेग लिहायचा मात्र राहून गेला. कानसेननं तबकडीचा आकार बघितला, बटण तेहतीसवर ठेवलं, आणि जिना धावत चढणाऱ्या एका खट्याळ पोराचं गाणं जन्माच्या दुःखाचं होऊन बसलं.

हे सांगायला फोन करावा की नाही, असा विचार तो कितीतरी दिवस करत होता. आता ती स्वतःच समोर होती, आणि मधे फक्त एक पत्र्याचं दार होतं. पण 'भाळले आहे' हे ऐकल्यावर सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यानं दार उघडलं आणि तिला हात देऊन वर ओढलं. तिच्या मनगटावर ग्रीसची चार बोटं उमटली. तिनं ती घरी जाऊन धुतली, पण लगेच नाही.

लिफ्ट त्याच दिवशी दुरुस्त झाली होती. तरी लिफ्टवाला पुढच्या आठवड्यात आला, तेल बघायला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोर बघायला. नंतर कारणं संपली तेव्हा तो नुसताच आला आणि कार्यक्रम सुटल्यावर दोघं समोरच्या चहाच्या दुकानात बसू लागले.

"तुम्ही कधी प्रत्यक्ष ऐकायला का जात नाही हो?" त्यानं एकदा विचारलं. "एवढ्या लोकांची गाणी लावता, एकाचंही तोंड बघितलेलं नाही."

"रेकॉर्डवर माणूस नीट वागतो."

"आणि समोर?"

"समोर तो खोकतो, तारा जुळवत बसतो, मधेच घरच्या गोष्टी सांगतो. मग गाणं ऐकताना तेच आठवतं." तिनं कप खाली ठेवला. "शिवाय समोर आला की तो मला आवडला पाहिजे, असं उगाच वाटत राहतं."

"माझ्याबरोबर बसताना वाटतं का तसं?"

"तुम्ही कुठं गाता?" ती म्हणाली.

त्याला त्या चहाचा ठसका लागला, तो बराच वेळ गेला नाही.

त्यानं तिला नेलं ते त्याच्या अक्काच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. अक्का म्हणजे मोठी बहीण. तोंडानं तिखट, हातानं तरबेज. दर रविवारी दुपारी ती सायकली एका भिंतीला लावायची, मधे स्टुलं मांडायची आणि कुणी ना कुणी येऊन गायचं. त्या रविवारी एक नर्स आली होती, ड्यूटीवरून थेट, अकॉर्डियन घेऊन. वाजवायला लागली आणि वर पत्र्यावर पाऊस सुरू झाला. सूर ऐकू येईना. त्यात भात्याला कुठंतरी चीर होती, प्रत्येक ओढीला 'फुस्स' व्हायचं. कानसेनला लाजल्यासारखं झालं, त्या बाईच्या वतीनं.

नर्स मात्र थांबली. वर बघून म्हणाली, "त्याचं होऊ दे आधी. तो जुना कलाकार आहे." सगळे हसले. अक्कानं ट्यूबचं एक ठिगळ आणून भात्याच्या चिरेला चिकटवलं, सगळ्यांनी ते वाळेपर्यंत वाट बघितली, आणि मग जे गाणं झालं ते ऐकताना कानसेनच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास रोखून बसलोय. लिफ्टवाल्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान वळवली. पण हसू लपवता आलं नाही तिला.

त्यानंतर ती दर रविवारी जायला लागली. ज्यांना समोर ऐकलं त्यांच्याकडून रेकॉर्डिंग मागून घ्यायची, कार्यक्रमात लावायची, आणि लावण्याआधी पावसाची, ठिगळाची गोष्ट सांगायची. दिवसभरात काही गमतीचं घडलं की ती मनात बाजूला काढून ठेवायची, त्याला सांगायला. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बराच उशीर झाला होता.

पण 'तळमजला' काही सुटत नव्हता.

"त्याच्या साथीला एक घोगऱ्या आवाजाचा माणूस आहे बघा," ती एकदा अक्कासमोरच म्हणाली, "अगदी पिंपात बसून गातो तसा. तोही मला आवडतो."

अक्काच्या हातातला पंप थांबला. त्या गाण्यात साथ अक्काची होती. मागचा तो घंटेचा टोल म्हणजे तिच्याच दुकानातली सायकलची घंटी. तिनं भावाकडे बघितलं. भाऊ एका चाकाच्या तारा मोजण्यात गढला होता.

कानसेन गेल्यावर अक्कानं त्याचा कान धरला. "रेडिओवरून मला पिंपातला बाप्या केलंय तिनं, आणि तू गप्प?"

"अगं, तिला तो आवाज आवडतो."

"तुझाच आहे ना?"

"नाही ना! तोच घोळ आहे. मी असा जाड गायला लागलो तर मलाच हसू येईल." तो खाली बसला. "आणि तिला सगळे कानसेन म्हणतात, अक्का. चार वेळा चुकीच्या वेगानं लावलं हे तिला मी सांगू? मी?"

स्वतःच्याच आवाजाचा मत्सर करायची वेळ फार थोड्यांवर येते. त्याच्यावर आली होती. अक्का मात्र दुखण्याला हळद लावत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून टाकलं: येत्या रविवारी, तळमजला.

ही बातमी कानसेनला लागली आणि तिनं ती कार्यक्रमात सांगितली. ऐकणाऱ्यांचे फोन आले. चहाच्या दुकानात लिफ्टवाला त्या दिवशी कपाचा कान धरून नुसता बसला होता.

"मला एक सांगायचं होतं..." तो म्हणाला.

"मलाही." तिनं नजर वर केली नाही. "आधी मी सांगते, नाहीतर राहून जाईल. मला रविवारची भीती वाटतेय."

"का?"

"तो माणूस मला आवडला तर?" ती थांबली. "म्हणजे खरंच आवडला तर... मग तुमचं काय करू?"

याहून स्पष्ट आजवर कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. हीच वेळ होती. तोंड उघडलं की सगळं मोकळं होणार होतं.

"मग नकाच येऊ रविवारी," तो म्हणाला.

माणूस घाबरला की असंच काहीतरी बोलतो. तिनं पर्स उचलली आणि ती निघून गेली.

शुक्रवारी लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती. कानसेन जिन्यानं उतरत होती. मधल्या वळणावर तिला लिफ्टच्या पोकळीतून, अगदी तळातून, कुणाचातरी आवाज ऐकू आला.

"आलो...ओ...च..."

कुणीतरी घसा दाबून जाडा आवाज काढत होतं. शब्द ओढून ओढून. मधेच आवाज फाटला. खोकला. एक शिवी. पुन्हा 'आलो...ओ...च'. पुन्हा फाटला. मग गाणारा वैतागला असावा, कारण त्यानं तेच गाणं सहज, भरभर गुणगुणलं, काम करता करता माणूस गुणगुणतो तसं.

ती जिन्यातच उभी राहिली. मग उलट पावली वर गेली, स्टुडिओत शिरली, ती मोठी तबकडी काढली. तबकडी फिरवणाऱ्या यंत्राच्या कडेला ते बारकं बटण होतं. तिनं ते तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकवलं आणि सुई टेकवली.

एक पोरगा धापा टाकत जिना चढत होता. हसत होता. मागं एक बाई त्याला चिडवत होती आणि सायकलची घंटी ट्रिंग ट्रिंग करत होती. पातळ, घाईघाईचा आवाज. एका दमात पाच वाक्यं.

आधी तिला लाज वाटली. सगळ्या स्टेशननं जिला कानसेन म्हणावं तिनं हे करावं! मग राग आला, कारण हा माणूस दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. आणि मग, सरळ सांगायचं तर, तिला रडू आलं. एक माणूस तिला फार आवडला होता आणि तो कधी नव्हताच. तिनं डोळे पुसले आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं. शेवटच्या कडव्यात तो पोचत होता. शब्दांतही आणि आवाजातही.

त्या रात्री तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. बाबांनी तेवढं जेवताना विचारलं, "त्या तुझ्या आजारी माणसाचं काय झालं गं?" 'तळमजला' पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून बाबांचं मत एकच होतं, हा गाणारा आजारी आहे, त्याला कुणीतरी डॉक्टरकडे न्या. ती तेव्हा त्यांच्यावर रागावली होती. आता तिनं मुकाट्यानं भाजी वाढली.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सायकली बाहेर काढून ठेवल्या होत्या. कानसेन पुढच्याच स्टुलावर येऊन बसली. लिफ्टवाला गिटार घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट, नखं घासून घासून लाल केलेली, आणि त्यानं तिला बघितलं. त्याचा चेहरा उतरला. ती काही न ओळखल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली. थोडी शिक्षा व्हायलाच हवी, असं तिचं मत होतं.

तो बसला. घसा खाकरला. हनुवटी छातीला टेकवली आणि सुरू केलं.

"थां...ब... ज...रा..."

ऐकवत नव्हतं. मागं अक्का कपाळाला हात लावून उभी होती. कुणीतरी कुजबुजलं, याला बरं नाही का? तरी तो ओढत राहिला, घामानं डबडबून, कारण त्याला वाटत होतं की समोर बसलेल्या बाईला हेच हवंय. सगळ्या लोकांसमोर स्वतःचं हसं करून घ्यायला तो तयार होता, आणि ते तिच्यासाठी. शिक्षेचा विचार कानसेनच्या मनातून तिथंच गेला. पहिलं कडवं कसंबसं संपलं, आणि ती उठून उभी राहिली.

"अहो!" ती ओरडली. "पंचेचाळीसवर लावा!"

गिटारवरचा हात हवेत राहिला. पहिल्यांदा अक्काला हसू फुटलं, मोठ्यानं, आणि ते पिंपातलं अजिबात नव्हतं.

"कधी कळलं?" त्यानं स्टुलावरूनच विचारलं.

"आधी गाणं म्हणा."

त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गाणं म्हटलं. त्याच्या वेगानं. अक्कानं हाताला लागेल ती घंटी वाजवली. काही लोकांना काहीच कळलं नाही. मागचा एक जण तर शेवटपर्यंत शेजाऱ्याला विचारत होता की तळमजला कधी सुरू होणार. पण नर्सनं टाळीवर ठेका धरला, मग तिच्या शेजारच्यानं, आणि शेवटच्या कडव्याला निम्मं दुकान तोंडानं जिना चढत होतं.

गर्दी पांगल्यावर तो एकेक सायकल आत आणून भिंतीला लावत होता. ती दुसऱ्या बाजूनं हँडल धरत होती.

"रागावलात?"

"हो."

"किती?"

"बघतेय अजून." तिनं सायकल नीट टेकवली. "तुम्ही त्या दिवशी बाहेर उभं राहून सगळं ऐकून घेतलंत."

"तुम्ही थांबतच नव्हतात. आणि खरं सांगू का, माझ्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं, मग ते माझ्याबद्दल नव्हतं हे कळत होतं, पण तरी ऐकावंसं वाटत होतं, आणि मग दार उघडायलाच नको असं वाटलं, पण कंपनीचा फोन आला—" तो एका दमात बोलला आणि दम संपला तेव्हा थांबला. "तो आवाज आता राहिला नाही. वाईट वाटतंय?"

"वाटतंय थोडं," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. "छान होता तो. पण तो 'आलोच' म्हणायचा आणि कधी यायचाच नाही."

"आणि मी?"

तिनं त्याच्या घासून लाल झालेल्या नखांकडे बघितलं.

"तू कारण नसताना पण येतोस," ती म्हणाली.

'तू' ऐकून लिफ्टवाला गर्रकन वळला. शेवटची सायकल त्याच्या हातातून सुटली आणि तिच्यामागची सगळी रांग एकापाठोपाठ एक आडवी झाली. आतून अक्काचा आवाज आला, "झालं का तुमचं? मग आता उचला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी कानसेननं 'तळमजला' बरोबर वेगानं लावला. चूक आपली होती, चार वेळा झाली, असंही सांगितलं. लोकांचे फोन आले. बहुतेकांचं म्हणणं होतं की आधीचा माणूस चांगला गात होता, हा कोण पोरगा आणलाय? तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाशीच वाद घातला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. रेडिओ अजून मांडीवरच.

"ऐकलं आज," ते म्हणाले. "बरा झाला वाटतं तो."

"हो, बाबा."

"चांगलं झालं. मला काळजी लागून राहिली होती."

त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. खाली फाटक वाजलं, आणि मग जिन्यावर पावलं वाजायला लागली, एक सोडून एक पायरी, धावत. कानसेननं केस सारखे केले, आणि त्यानं बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.